हात दाखवून अवलक्षण

उत्तय्याच्या घरात मांजर शिंकलं तरी ते कुणाच्या सांगण्यावरून शिंकलं, हा प्रश्न त्याला पडायचा. टपालवाला फाटकाशी जरा जास्त रेंगाळला की हा कॉफीच्या झाडांतून ओरडायचा, "काय मोजतोस रे, फळं?" शेजारच्या बागेत मिरीचे वेल लगडले, तर खत आपल्याकडचं गेलं. आपल्याकडे लगडले, तर आता नक्की कुणाची तरी दृष्ट लागणार. बायको बोजम्मा म्हणायची, "तुमच्या हाताला लिंबाचा काटा बोचला ना, तर तुम्ही झाडाला नाही, लिंबू मागायला आलेल्याला धराल!"

माणूस वाईट नव्हता हो. अडल्यानडल्याला धावून जायचा, फक्त जाताना घराला दोन कुलपं लावायचा. कोडगूच्या त्या डोंगरउतारावर सगळे त्याला ओळखून होते. कुणी मनाला लावून घेत नसे.

आणि इतका संशय घ्यायला एक कारणही होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, त्यातलं. उत्तय्या स्वतःच एक गोष्ट लपवत होता. पन्नाशी उलटली आणि त्याचा उजवा हात हलायला लागला. फार नाही. शर्टाचं बटण काजात जाताना जरा इकडेतिकडे व्हायचं, कपाची बशीवर टिकटिक व्हायची. मग तो बशी घेईनासा झाला. चारचौघांत हात खिशात ठेवू लागला. कुणी पाहिलंच तर, "काय थंडी पडलीय!" म्हणायचा, मग बाहेर मे महिन्याचं ऊन का असेना. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जगाला दिसत नाही, तसं त्याचं चाललं होतं.

लपवायचं ते बंदुकीसाठी. त्याच्या नेल्लेरमाडा घराण्याची एक जुनी बंदूक होती. कैलपोदला, म्हणजे भातलावणी आटोपल्यावर येणाऱ्या हत्यारपूजेच्या सणाला, घराण्याघराण्यांत नारळ फोडायची चुरस लागायची. उंच झाडाला नारळ टांगायचा आणि खालून तीन गोळ्यांत उडवायचा. घराण्याच्या वतीनं जो नेम धरेल, त्याच्याच घरी ती बंदूक वर्षभर राहायची. पण नियम कडक. हात हलला की बंदूक खाली. उत्तय्याच्या वडिलांचा हात असाच हलला होता, आणि त्यांनी ती मुकाट्यानं परत केली होती. त्यानंतर सणाच्या दुपारी गोळ्यांचे आवाज यायला लागले की ते खळ्यात पाठमोरे बसून कॉफीच्या बिया उगाच खालीवर करत राहायचे. लहानग्या उत्तय्यानं ते पाहिलं होतं. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्याचं आयुष्यात मागणं होतं.

नवल असं, की सणाच्या दिवशी त्याचा हात शहाण्यासारखा गप्प असायचा. वर्षभर टिकटिक करणारा हात त्या दिवशी दगड! दोन वर्षं लागोपाठ त्यानं नारळ फोडला. दोन्ही वर्षं दुसरा आला तो बोजम्माचा धाकटा भाऊ पूवय्या. नदीपलीकडचं ते घराणं नेमबाजीत नावाजलेलं, आणि बहिणीच्या नवऱ्याकडून हरायचं म्हणजे गावाला आयतीच करमणूक.

"बावा, तुम्ही काय खाता तरी काय?" पूवय्या विचारायचा.

"खात नाही, पितो!" उत्तय्या छाती फुगवायचा. "नेल्लेरमाड्याची कॉफी! माझ्या बागेतली, माझ्या खळ्यात वाळलेली. सणाच्या सकाळी एक पेला घेतला की हात असा, खांबासारखा. मला डोळे बांधून हजार कॉफ्या द्या, माझी कुठली ते सांगेन."

पूवय्या मान डोलवायचा आणि बहिणीकडे बघायचा. बोजम्मा पदर सारखा करत आत जायची. हे उत्तय्यानं पाहून ठेवलं होतं. अशा गोष्टी तो विसरत नसे.

ती कॉफी गावात इतकी गाजली की खालच्या आळीचा बेळ्ळियप्पा येऊन पावशेर पूड घेऊन गेला. सणाच्या सकाळी चांगले तीन पेले रिचवून तो मैदानात उतरला, आणि त्याच्या तिन्ही गोळ्या आभाळात गेल्या. उत्तय्याला काडीचं नवल वाटलं नाही. म्हणाला, "आमची कॉफी मालक ओळखते."

तर तिसऱ्या वर्षी, सणाला आठवडा राहिला असताना, तो काडेपेटी शोधायला स्वयंपाकघरात शिरला. बोजम्मा मागच्या अंगणात होती. काडेपेटी काही सापडेना. सापडला तो तांदळाच्या पिंपामागे दडवलेला एक डबा. उघडला तर आत तपकिरी पूड. कॉफीसारखी दिसणारी. त्यानं नाकाशी नेली आणि त्याच्या भुवया कपाळात गेल्या. कसलासा भाजक्या भाकरीसारखा वास. चिमूटभर जिभेवर टाकली. कॉफी नव्हे! कॉफीवाल्याच्या घरात, पिंपाच्या मागे, कॉफी नसलेली कॉफी!

तेवढ्यात मागच्या दारातून बोजम्माचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "हो रे पूवय्या, पोचला डबा. आजपासून निम्मी निम्मी घालते. सणाच्या दिवशी सगळी हीच. छे रे, त्यांना कुठला पत्ता लागतोय! जीभ असती तर काय हवं होतं?"

उत्तय्या डबा होता तिथे ठेवून मांजराच्या पावलानं बाहेर आला. खळ्यातल्या दगडावर बसला. इतकी वर्षं जगावर संशय घेतला, टपालवाल्यावर घेतला, शेजाऱ्यावर घेतला, आणि साप निघाला तो आपल्याच उशाशी! भाऊ दोनदा हरला, आता तिसऱ्यांदा हरू नये म्हणून बहीण नवऱ्याला काहीबाही पाजते. शेवटी मुलगी माहेरचीच. त्याला रागापेक्षा वाईट वाटलं, खरं सांगायचं तर. बोजम्मावर त्याचा जीव होता.

पण बोलला नाही. पुरावा हवा. त्यानं त्या पुडीतली चिमूट कुत्र्याच्या भातात कालवली. कुत्रं ते खाऊन उन्हात आडवं झालं. ते रोजच जेवून उन्हात आडवं व्हायचं, पण उत्तय्या रोज बघत नसे. "मेलं नाही," तो स्वतःशी म्हणाला, "पण अंगातलं त्राण गेलं बघ."

दोन दिवस तो मुद्दाम तिच्या हातची कॉफी प्यायला, परिणाम बघायला. परिणाम झाला! हात हलायचा कमी झाला. बटण एका झटक्यात लागलं. दुसरा असता तर नारळ फोडला असता देवापुढे. उत्तय्या हात उलटसुलट करून बघू लागला. "बळच काढून घेतलं हातातलं," त्याला वाटलं. "नुसतं हलायला तरी बळ लागतं की नाही?"

तिसऱ्या दिवसापासून बोजम्मानं दिलेला पेला घेऊन तो ओसरीवर यायचा आणि पाठ फिरवून जास्वंदीच्या मुळाशी ओतायचा. मग खळ्याच्या खोपटात जाऊन तीन दगडांवर स्वतःची कॉफी उकळायचा, काळी, डांबरासारखी. हात पुन्हा हलू लागला. "आलं, बळ परत आलं!" तो खूष झाला. हलतोय तर हलू दे. सणाच्या सकाळी दुप्पट घेतली की बसेल जागेवर. दरवर्षी बसतोच की.

सण उजाडला. बोजम्मानं पहाटे पेला पुढे केला, वाफाळता. शेजारी तांदळाच्या शेवया, वर थोडा मध, एक उकडलेलं अंडं.

"एवढं खाऊन घ्या. पोट भरून नका खाऊ, पण रिकामंही नको."

"बरं."

"आणि ही दोन केळी खिशात. पूजेनंतर एक, मैदानावर गेल्यावर एक. डुकराच्या मटणाला आणि दारूला नेम होईपर्यंत हात लावायचा नाही."

"दरवर्षी काय तेच तेच सांगतेस?" त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"दरवर्षी तुमचा नेम लागतो म्हणून," ती म्हणाली, आणि तिनंही त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं आहे ना तुम्हाला?"

"का? नसायला काय झालं?"

पेला जास्वंदीला गेला, शेवया कुत्र्याला. केळी त्यानं वाटेत एका म्हाताऱ्याला दिली. जायच्या आधी खोपटात त्यानं चार पेले कॉफी रिकाम्या पोटी घशाखाली घातली. छातीत धडधडायला लागलं. त्याला वाटलं, वा! अंगात देव आलाय!

घराण्याच्या मोठ्या घरी बंदुकांची पूजा झाली. नळ्यांच्या तोंडांशी लाल-पिवळी फुलं खोचली. तिकडे त्याला बंदुकीचं फूल म्हणतात. आपण त्याच फुलाला कळलावी म्हणतो. आपलं नावच बरोबर आहे, असं त्या दिवशी दुपारी वाटलं. जेवणाची पंगत बसली तेव्हा उत्तय्या पंगतीला बसलाच नाही. कुणी पान वाढलं, कुणी पाणी पुढे केलं, सगळ्यांना त्यानं हात जोडले. पाण्याचं पण काही सांगता येत नाही!

दुपारी शाळेच्या मैदानावर सगळं गाव जमलं. झाडाच्या शेंड्याशी नारळ टांगलेला. पंच म्हणून घराण्यातले सगळ्यात वडील, मेदप्पाअज्जा, खुर्चीत बसलेले. बेळ्ळियप्पा यंदा नेमाच्या यादीत नव्हता, पण टोमणे मारायला पुढेच उभा होता. "उत्तय्या, प्यायलास का रे तुझी कॉफी?"

"चार पेले!" उत्तय्या म्हणाला.

बायकांच्या घोळक्यात उभ्या बोजम्मानं ते ऐकलं. "चार?" ती पुटपुटली, आणि तिचा चेहरा उतरला. गर्दीतून वाट काढत ती त्याच्या जवळ आली. हळूच म्हणाली, "कुठली चार? मी एकच दिली होती. केळी खाल्लीत का? अहो, नुसता गूळ तरी खा, हा घ्या." तिच्या तळहातावर गुळाचा खडा होता.

"ठेव तुझा गूळ," उत्तय्या दातओठ खात म्हणाला. "भावाला दे."

त्यानं बंदूक खांद्याला लावली. कपाळावर घाम. नळीच्या टोकाचं फूल नाचत होतं. त्यानं श्वास धरला, फूल नाचायचं काही थांबेना. पहिली गोळी फांदीला लागली, पानं पडली. लोक हसले. दुसरी गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. मागच्या फणसावरून कावळे उडाले.

"कावळ्यांवर नेम आहे का यंदा?" बेळ्ळियप्पा ओरडला.

उत्तय्याचा बांध फुटला. तो गर्रकन वळला. "थांबा! मेदप्पाअज्जा, हे दोन नेम मोजू नका! माझ्यावर माझ्याच घरात घात झालाय!"

मैदानभर माना वळल्या.

"काय बोलताय?" बोजम्मा म्हणाली. "चला घरी."

"घरी कशाला? इथे सांग, तुझ्या भावासमोर! पिंपाच्या मागच्या डब्यात काय आहे?"

पूवय्या पुढे झाला. "बावा, सोडा ना. घरचं बोलणं घरी."

"का? भीती वाटते? बोल, काय पाजत होतात मला?"

"नाचणी," बोजम्मा म्हणाली.

"काय?"

"नाचणी! भाजलेली नाचणी, दळून!"

मग असा हशा उसळला की झाडावरचे उरलेले कावळे पण गेले. "नेल्लेरमाड्याची कॉफी!" कुणीतरी ओरडलं. बेळ्ळियप्पा तर पेटलाच. "अरे लबाडा! मला खरी कॉफी पाजलीस, माझा नेम घालवलास, आणि स्वतः नाचणी पीत होतास?"

"मला काय ठाऊक!" उत्तय्या किंचाळला. "हिला विचारा! का पाजलीस? सांग सगळ्यांना!"

"नका विचारू," बोजम्मा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुमच्या पाया पडते. नका विचारू इथे."

शहाणा माणूस इथे थांबला असता. उत्तय्या शहाणा नव्हता. "आत्ता! इथे!"

"तुमचा हात हलतो म्हणून!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. "दोन वर्षं हलतोय! तुम्हाला वाटतं मला दिसत नाही? तुमची बटणं मी लावते आणि म्हणते, घाई आहे म्हणून. पेला अर्धाच भरते, सांडू नये म्हणून. आणि कॉफीनं हात जास्त हलतो, उपाशी पोटी त्याहून जास्त. एकदम सोडली तर डोकं धरून बसता, म्हणून आठवडा आधीपासून निम्मी करत आणायची. आमच्या बाबांनी हे आम्हाला शिकवलं होतं. घराबाहेर सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. ती मोडली मी. कुणासाठी मोडली?"

कुणी हसलं नाही आता. त्यानं पूवय्याकडे पाहिलं.

"ती नाचणी आमच्या चुलीवर भाजलेली, बावा," पूवय्या म्हणाला. "मीच भाजतो. अक्कानं मागितली, मी नाही कसं म्हणू? अज्जांच्या कानात एक शब्द टाकला असता ना, तर दोन्ही वर्षांचे नारळ माझे होते."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की सगळे मिळून त्याच्या पाठीमागे काहीतरी करताहेत. आणि करतच होते की! त्याची शंका अगदी खरी निघाली होती, आणि त्याला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. ही दोघं जे दोन वर्षं झाकत होती, ते त्यानं स्वतः भर मैदानात उघडं केलं.

सगळ्यांचे डोळे मेदप्पाअज्जांकडे वळले. अज्जांनी सावकाश कानामागे हात नेला.

"काय म्हणाली रे ती?" ते म्हणाले. "वारा फार आहे. मला काही ऐकू आलं नाही. उत्तय्या, तुझे दोन नेम चुकले, एवढं मी पाहिलं. चुकतात माणसाचे. एक गोळी बाकी आहे, मार आणि मोकळा हो."

पान हलत नव्हतं झाडाचं. कसला वारा!

जुना उत्तय्या आधी मनात म्हणाला, हा म्हातारा मला का सोडतोय? याचा काय फायदा? मग त्याला अज्जांचा चेहरा दिसला, आणि वडिलांनी बंदूक परत केली तेव्हा ती घ्यायला हेच अज्जा समोर होते, हे आठवलं. त्यांना पुन्हा ती घ्यायची नव्हती, एवढाच त्यांचा फायदा. मान खाली घालून मुकाट राहिलं की झालं, बंदूक आणखी वर्षभर आपल्याच घरी. बोजम्मा पुन्हा नाचणी मागवेल. पुन्हा शर्टाची बटणं लावेल घाईघाईनं.

तो चालत खुर्चीपाशी गेला. "ऐकलंत तुम्ही, अज्जा," तो म्हणाला. "हात हलतो माझा. हा बघा." आणि त्यानं हात पुढे धरला, सगळ्यांना दिसेल असा. चार पेले कॉफी आणि रिकामं पोट. हात असा थरथरत होता की बायकांनी हळहळून तोंडाला पदर लावले. दुसऱ्या हातानं त्यानं बंदूक अज्जांच्या मांडीवर ठेवली.

अज्जांनी बंदुकीच्या नळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक गोळी राहिलीय घराण्याची. कोण मारणार?"

"ही," उत्तय्या म्हणाला.

"मी?" बोजम्मा डोळे पुसत म्हणाली. "मी कशाला?"

"तुझ्या बापानं तुला नुसती नाचणी भाजायला शिकवलं असेल, यावर माझा नाही विश्वास बसत. लहानपणी तूच याला हरवायचीस, हो की नाही रे पूवय्या?"

"दरवेळी," पूवय्या कबूल झाला.

"अहो, पण मी सकाळपासून पाच पेले प्यायलेय!" बोजम्मा कळवळून म्हणाली. "खऱ्या कॉफीचे! तुमच्या काळजीनं!"

मैदान पुन्हा हसलं, पण या खेपेला हसणं वेगळं होतं. बोजम्मानं पदर कमरेला खोचला. तळहातावरचा गुळाचा खडा स्वतःच्याच तोंडात टाकला. बंदूक खांद्याला लावली, आणि तिला ती जड झाली नाही. गोळी सुटली. नारळ दोरावर झोके खाऊ लागला. फुटला मात्र नाही.

"हुकला," अज्जा म्हणाले.

"हुकला?" उत्तय्या उसळला. "काय हुकला? घासून गेलीय गोळी! नारळ काय आपोआप हलला? आत्ताच म्हणालात ना वारा आहे, मग दाखवा, कुठाय वारा? पंचच फितूर झाले तर न्याय कुणाकडे मागायचा? तो दोर कुणी बांधलाय? कुणी बांधलाय तो दोर, आधी मला सांगा!"

"अहो, पुरे," बोजम्मा म्हणाली. पूवय्या गोळी भरायची सोडून हसत उभा होता.

"पुरे काय? उतरवा तो नारळ! मी स्वतः बघतो!" उत्तय्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि उजवा हात वर करून त्या नारळाकडे बोट दाखवू लागला. हात लटालटा हलत होता, अख्खं गाव बघत होतं, आणि बायकोवर अन्याय झाल्याच्या रागात तो खिशात घालायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.